ज्या दिवशी होडी बंद, तो दिवस इंग्रजीत कसा सांगायचा?



मालवण, तारकर्ली, देवबाग इथं आपल्यापैकी कितीतरी जणी घरी पाहुणे ठेवतात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचतगटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात. मराठी न येणारा पाहुणा फोनवर विचारतो, होडी कधी असते, मासे कधी मिळतात? उत्तर नीट कळलं नाही, तर तो भर पावसात येऊन उभा राहतो आणि आगाऊ दिलेल्या पैशांवरून वाद आपल्याच अंगणात होतो. म्हणून आज आपण एकच इंग्रजी शब्द घेऊ: 'व्हेन'.

'व्हेन' म्हणजे 'कधी' हे आपल्याला ठाऊक आहे. तोच शब्द 'ज्या दिवशी', 'ज्या महिन्यात', 'ज्या वर्षी' यांच्यासाठीही चालतो. फरक आहे तो मांडणीत. आपण जोडीनं बोलतो: "ज्या दिवशी समुद्र खवळतो, त्या दिवशी होडी सुटत नाही." इंग्रजीत ही जोडी लागत नाही. आधी काळाचा शब्द, त्याला लागून 'व्हेन', मग माहिती: "ऑन डेज व्हेन द सी इज रफ, द बोट डझ नॉट गो." मध्ये पुन्हा 'दॅट डे' घालायचं नाही.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. तेव्हा सुरमईचा हट्ट धरणाऱ्याला सांगा, "जून अँड जुलै आर द मन्थ्स व्हेन ट्रॉलर्स डू नॉट फिश." सिंधुदुर्ग किल्ला दाखवताना म्हणा, "सिक्स्टीन सिक्स्टी-फोर इज द इयर व्हेन शिवाजी महाराज बिगॅन धिस फोर्ट." १६६४ साली किल्ल्याचं बांधकाम सुरू झालं.

पण काळाचा शब्द आला की दर वेळी 'व्हेन'च येतो, असं नाही. ते ओळखायला आपली मराठीच कामी येते. मनात 'ज्या महिन्यात', 'ज्या दिवशी' आलं, तर 'व्हेन'. 'जो महिना', 'जो दिवस' आलं, तर 'विच' किंवा 'दॅट'. मुलं ज्या महिन्यात येतात तो मे: "मे इज द मन्थ व्हेन चिल्ड्रन कम." मुलांना जो महिना आवडतो तो मे: "मे इज द मन्थ दॅट चिल्ड्रन लाइक."

बोलताना लोक 'व्हेन' गाळतातही. "आय विल पे ऑन द डे आय अराइव्ह" असं पाहुणा म्हणाला, तर तो पोचेल त्या दिवशी पैसे देणार आहे, हे समजून घ्या. तुम्हाला आगाऊ रक्कम हवी असेल, तर तिथंच बोलून ठेवा.

गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या कामाची तीन वाक्यं म्हणून दाखवावीत: होडी बंद असते तो महिना, ताजी मासळी येते तो दिवस आणि गावची जत्रा भरते तो दिवस. मराठीत आधी 'ज्या दिवशी' म्हणून बघा, मग इंग्रजीत सांगा. उच्चार आपल्या वळणाचा असला तरी चालेल. दिवस मात्र पाहुण्याला नेमका कळला पाहिजे.