विस्मृतीचा आजार आणि आपले वैयावृत्त्य

(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



गेल्या 50 वर्षांत ट्रस्टने उभारलेल्या कार्याविषयी अन्य वक्ते अधिकाराने बोलतील. मी आज अशा एका सेवेचा प्रस्ताव मांडणार आहे, जिला नवी इमारत लागत नाही.

‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आपण वडीलधाऱ्यांचे विसरणे हसण्यावारी नेतो. कापडाच्या दुकानात सुटे पैसे विसरून जाणारे गिऱ्हाईक रोज भेटते, त्याचे काही नाही. परंतु आयुष्यभर बाजारहाट केलेल्या बाईला शंभर आणि पाचशेच्या नोटेतील फरक उमगेनासा होतो, गेल्याच आठवड्यात नेलेले पातळ ती पुन्हा मागते, तेव्हा तिच्या घरी शब्द टाकावा, असे मी दुकानातील मुलांना सांगून ठेवले आहे. हा वयाचा दोष नसून मेंदूचा आजार असतो. जर्मन डॉक्टर अल्झायमर यांनी 1906 साली ज्या रुग्णाचे वर्णन केले, ती स्त्री इस्पितळात आली तेव्हा अवघी 51 वर्षांची होती. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढील शंभरांपैकी सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे; एकूण संख्या 88 लाखांच्या घरात जाते. शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे प्रमाण अधिक आढळले.

आपल्या समाजाने एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. शुद्ध शाकाहारात बी-12 जीवनसत्त्व कमी पडते आणि त्या कमतरतेनेही विसराळूपणा व गोंधळ उद्भवतो. थायरॉईडच्या विकाराने आणि नैराश्यानेही तसे होऊ शकते. ही कारणे उपचाराने सुधारण्यासारखी आहेत. म्हणून घरच्या घरी निदान न करता प्रथम डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यावे.

आजार निश्चित झाला की खरी परीक्षा घरच्यांची सुरू होते. आपल्या मुळशी तालुक्यात हिंजवडी, पिरंगुट, भूगाव या बाजूला पती-पत्नी दोघेही नोकरीला जातात; गावाकडून आणलेले आईवडील अनोळखी इमारतीत गोंधळतात आणि ‘मला घरी जायचे’ म्हणून दार ठोठावतात. त्यांना खोटे पाडून उपयोग नसतो. ‘अस्तु’ या मराठी चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी उभे केलेले संस्कृत पंडित हत्तीच्या मागे जाऊन हरवतात, आणि माहुताची बायको त्यांना आईच्या मायेने सांभाळते. त्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. प्रत्येक कुटुंबाने तो चित्रपट एकत्र बसून पाहावा.

आपल्या घरांत आणखी एक पेच असतो. या आजारात संध्याकाळी अस्वस्थता वाढते. जेवण झाल्याचे न आठवून वृद्ध रात्री नऊला ताट मागतात, आणि घरात चौविहार असल्याने सून कोंडीत सापडते. पच्चक्खाण समजून उमजून घ्यावयाचे असते. ते घेतल्याचे ज्याला स्मरणच नाही, त्याच्याकडून बळाने पाळून घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. गुरुमहाराजांचे मार्गदर्शन आधीच घेऊन ठेवावे, म्हणजे रोज रात्री वाद होणार नाहीत. औषध आणि पाणी मात्र कोणत्याही कारणाने अडवू नये.

माझ्या व्यवसायातील चार गोष्टी सांगतो. नाडीचा पायजमा सोडून इलॅस्टिकचा घ्यावा. नऊवारीचा हट्ट न धरता पुढून उघडणारा सैल गाऊन शिवावा. सदऱ्याच्या आतल्या पट्टीवर घरचा फोन नंबर शिवून ठेवावा. खिशातली चिठ्ठी हरवते, शिवण हरवत नाही.

आणि एक हिशेबाची गोष्ट. मुखत्यारपत्र करून ठेवले म्हणजे भागले, असा पुष्कळांचा समज असतो. भारतीय करार कायदा, 1872 प्रमाणे, मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी ठिकाणावर राहिली नाही की ती मुखत्यारी संपते. मृत्युपत्र, बँकेतील संयुक्त खाते, वारस नोंद ही कामे माणूस जाणता असतानाच वकिलांच्या सल्ल्याने उरकावीत. ज्येष्ठांसाठी 14567 आणि मानसिक आधारासाठी 14416 हे शासनाचे निःशुल्क क्रमांक फोनजवळ लिहून ठेवावेत.

सहा अभ्यंतर तपांमध्ये वैयावृत्त्याची गणना आहे, आणि ज्यांची सेवा करावयाची त्यांत ‘ग्लान’ म्हणजे आजारी साधूंचा स्वतंत्र निर्देश आहे. उपवासाच्या पत्रिका निघतात, पारण्याला वाजंत्री लागते. सासऱ्यांचे कपडे दिवसातून चार वेळा बदलणाऱ्या सुनेच्या तपाची अनुमोदना मात्र कोणी करीत नाही. तिला शाल-श्रीफळ नको आहे. तिला तीन तासांची झोप हवी आहे.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे की, ट्रस्टचे सभागृह दर शनिवारी दुपारी दोन ते पाच अशा वृद्धांसाठी मोकळे ठेवावे. एक प्रशिक्षित परिचारिका पगारावर नेमावी, तिच्या हाताखाली आपले स्वयंसेवक असावेत. जुनी स्तवने म्हणावीत; कालचे जेवण न आठवणारी माणसेही लहानपणी पाठ केलेला नवकार पुष्कळदा बिनचूक म्हणतात. घडी घालायला कापडाचे तुकडे मी पुरवीन, हाताला काम मिळाले की मन रमते. महिन्यातून एकदा डॉक्टरांना बोलवावे, आणि त्या दिवशी घरच्या मंडळींनी आपसात बोलावे. जात-धर्माची अट नसावी. परिचारिकेच्या पहिल्या वर्षाच्या वेतनाचा चौथा हिस्सा मी देईन; उरलेल्या तीन हिश्श्यांसाठी आणि स्वयंसेवकांच्या नावांसाठी कार्यालयात वही ठेवली आहे, ती आज सायंकाळपर्यंत उघडी राहील.

जय जिनेंद्र.