टाकीत किती उरलं?



विषय ऐकून काही जणी लगेच दुसरं स्टेशन लावतील, म्हणून आधीच विनंती करतो, थोडा वेळ थांबा. आज आम्ही मुलांच्या एका कॉम्प्युटर गेमबद्दल बोलणार आहोत. त्या गेममध्ये रॉकेट उडवायचं असतं आणि ते बहुतेक वेळा इंधन संपून अडकतं. खारघरच्या आमच्या मंडळाने सोसायटीच्या वाचनालयात एक जुना कॉम्प्युटर ठेवला आहे. सुट्टीत मुलं त्यावर हा गेम खेळायला लागली आणि "मावशी, टाकीत काहीच उरलं नाही, आता?" असे प्रश्न आमच्याकडे येऊ लागले. उत्तरं शोधता शोधता आम्ही मंगळापर्यंत गेलो, आणि रसायनीपर्यंतही.

गेमचं नाव कर्बल स्पेस प्रोग्राम. मेक्सिकोतल्या एका कंपनीने तो बनवला. २०११ पासून लोक तो खेळू लागले आणि २०१५ मध्ये त्याची पूर्ण आवृत्ती आली. त्यात बंदुका नाहीत, परग्रहावरून चालून येणारं सैन्य नाही. हिरवी बुटकी माणसं आहेत, त्यांचा कर्बिन नावाचा ग्रह आहे, आणि आपण रॉकेट जोडून त्यांना वर न्यायचं. खरा वैरी एकच, रिकामी होत जाणारी टाकी.

अवकाशाचे इतर गेम आणि सिनेमे याबाबतीत फार उदार असतात. बटण दाबलं की यान दुसऱ्या ताऱ्याजवळ! काहींमध्ये इंधन लागतं, पण वाटेत भरता येतं. एलीट डेंजरस नावाच्या गेममध्ये ताऱ्याच्या जवळून जाऊन इंधन गोळा करायची सोय आहे. तरीही लोक अडकतातच, म्हणून जगभरच्या काही खेळाडूंनी फ्युएल रॅट्स, म्हणजे इंधनवाले उंदीर, असा गट काढला. कुणी अडकल्याचा निरोप आला की हे उंदीर आपली यानं घेऊन धावतात आणि फुकट इंधन देतात. हजारो अनोळखी लोकांना त्यांनी असं सोडवलं आहे. आम्हाला हे फार आवडलं. पण खऱ्या अवकाशात असा उंदीर अजून तरी सहज मिळत नाही.

कर्बलमध्ये मुलांची पहिली युक्ती सगळ्यांची सारखीच असते. इंधन कमी पडलं? मोठी टाकी लावू. मग रॉकेट इतकं जड होतं की जागचं हलत नाही. आपल्याकडे आता बऱ्याच घरांत पाइपचा गॅस आला आहे, त्यामुळे ऐन पाहुण्यांच्या वेळी सिलिंडर संपणं म्हणजे काय, हे या मुलांना माहीतच नाही. आम्ही त्यांना सिलिंडरवरूनच समजावलं. आत गॅस १४.२ किलो आणि लोखंडी टाकीही साधारण तेवढ्याच वजनाची. हा सिलिंडर डोक्यावर घेऊन जिना चढायचा, आणि चढायची ताकदही त्याच गॅसमधून यायची. दुसरा सिलिंडर घेतला तर तो उचलायला आणखी गॅस लागणार, आणि तो जादा गॅस उचलायला आणखी थोडा. रिकामी झालेली टाकी वाटेत टाकून दिली तर पुढचं ओझं हलकं होतं. रॉकेटचे टप्पे गळून पडतात ते याचसाठी.

हे गणित १९०३ मध्ये रशियातल्या एका शाळामास्तरांनी छापून प्रसिद्ध केलं. कॉन्स्टन्टिन त्सिओल्कोव्स्की त्यांचं नाव, लहानपणच्या आजारामुळे त्यांना ऐकू फार कमी येत असे. त्यांच्या गणितात अंतराला फारसं महत्त्वच नाही. वेग किती बदलायचा आहे, त्यावर इंधन ठरतं. एकदा वेग आला की इंजिन बंद ठेवून लाखो किलोमीटर फुकट जाता येतं. पण वेग वाढवायचा, थांबायचं किंवा वळायचं म्हटलं की इंधन लागतंच. गेममध्ये या वेगबदलाला डेल्टा-व्ही म्हणतात, आणि आमच्या वाचनालयातली दहा वर्षांची पोरं हा शब्द भाजीच्या भावासारखा वापरतात. कर्बिनभोवती फिरत राहायला सेकंदाला सुमारे ३.४ किलोमीटरचा वेगबदल पुरतो, कारण त्या ग्रहाची त्रिज्या ६०० किलोमीटरच आहे. आपल्या पृथ्वीवरून निघायचं तर ९ किलोमीटरहून अधिक लागतो. मुलं म्हणाली, "मग आपली पृथ्वी फारच अवघड आहे की!" आहेच.

एक हिशेब सांगतो. मंगळयान नेणारं पीएसएलव्ही रॉकेट उडताना सुमारे ३२० टनांचं होतं. त्याच्या टोकावर बसलेलं यान १३३७ किलोचं. त्या यानातलं ८५२ किलो पुन्हा इंधनच. मंगळाचा अभ्यास करणारी पाच उपकरणं मिळून १५ किलोच्या आसपास. म्हणजे गव्हाची एक लहान गोणी मंगळाला पोचवायला एवढा डोंगर उभा करावा लागला.

आता ऑक्सिडायझरचं. गेममध्ये इंधनाच्या टाकीखाली दोन पट्ट्या दिसतात, एक इंधनाची आणि एक ऑक्सिडायझरची. दुसरी पट्टी जास्त मोठी का, असं आमच्यातल्या एकीच्या आठवीतल्या मुलीने विचारलं. आपली शेगडी खोलीतल्या हवेवर जळते, त्या हवेचे पैसे कुणी मागत नाही. वर हवा नाही, त्यामुळे जाळायला लागणारा प्राणवायू कुठल्या तरी रूपात बरोबर न्यावा लागतो. पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात विकास इंजिन असतं, आणि त्या टप्प्यात सुमारे ४० टन द्रव भरलेलं असतं. त्यातला निम्म्याहून जास्त भाग इंधन नसून नायट्रोजन टेट्रॉक्साइड असतो. तो आणि इंधन एकमेकांना नुसते भेटले तरी पेट घेतात, ठिणगीही लागत नाही. द्रव्य मात्र भयंकर विषारी. २१ अंशांना त्याची वाफ होते, तांबूस-तपकिरी, आणि ओलावा मिळाला की त्याचं आम्ल बनतं.

इथे आमच्यातली एक मैत्रीण मध्येच म्हणाली, "अगं, हे एन-टू-ओ-फोर तर आमच्या रसायनीचं!" तिचं बालपण हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सच्या वसाहतीत गेलं. पनवेलहून पेणच्या गाडीत बसलं की सोमाटणेनंतर रसायनी. पाताळगंगेकाठी या सरकारी कंपनीचे कारखाने होते, आणि त्यांतला एक इस्रोसाठी हे द्रव्य बनवत असे. कंपनी तोट्यात गेली. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीतले न परवडणारे कारखाने बंद करण्याचा निर्णय घेतला. शेकडो एकर जमीन भारत पेट्रोलियमला विकायचं ठरलं, कामगारांसाठी स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. एकच कारखाना वाचला, नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा. तो सुमारे २० एकर जागेसह इस्रोकडे द्यायचं ठरलं, कारण देशात हे द्रव्य दुसरीकडे बनत नव्हतं. विकास इंजिनं तर खाडीपलीकडे विक्रोळीला, गोदरेजच्या कारखान्यात बनतात. म्हणजे गेममधल्या त्या दोन पट्ट्यांचं उत्तर पनवेल आणि विक्रोळीच्या मधेच सापडलं. त्या दिवशी मुलांनी तिला इतके प्रश्न विचारले की चहा गार झाला.

मंगळयानाची गोष्ट इंधनाच्या बाजूने फार कमी सांगितली जाते. ते ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघालं. थेट मंगळाकडे फेकण्याइतकी ताकद पीएसएलव्हीत नव्हती, म्हणून ते आधी पृथ्वीभोवतीच फिरत राहिलं. प्रत्येक फेरीत ते पृथ्वीच्या सगळ्यात जवळ आलं की इंजिन थोडा वेळ चालवायचं, म्हणजे पलीकडचं टोक आणखी लांब जातं. झोपाळा खाली, सगळ्यात वेगात असताना पाय रेटला की तो जास्त उंच जातो, तसंच हे. ११ नोव्हेंबरला एक रेटा कमी पडला, दुसऱ्या दिवशी तो भरून काढला. १ डिसेंबरला यान पृथ्वीची वेस ओलांडून निघालं.

२०१९ च्या 'मिशन मंगल' सिनेमात हेच पुऱ्यांवरून सांगितलं आहे. गॅस बंद केला तरी तापलेल्या तेलात पुऱ्या तळून निघतात. दृश्य छान आहे, आम्हीही टाळ्या वाजवल्या होत्या. पण उपमा जरा ढिली आहे. यानाजवळ तापलेलं तेल काही नसतं, रेटा कुठे द्यायचा यावर सगळं अवलंबून असतं. झोपाळाच बरा.

पुढे यानाचं मुख्य इंजिन सुमारे ३०० दिवस झोपून होतं. २४ सप्टेंबर २०१४ ला त्याला जागं करून २४ मिनिटं चालवलं, ते वेग कमी करण्यासाठी, नाहीतर यान मंगळाला ओलांडून निघून गेलं असतं. त्यात सुमारे २५० किलो खर्च झाले आणि टाकीत ४० किलोच्या आसपास उरले. मोहीम ठरली होती सहा महिन्यांची. या ४० किलोंवर यान आठ वर्षं मंगळाभोवती राहिलं. जानेवारी २०१७ मध्ये लांबलचक ग्रहण येणार होतं. सूर्य दिसला नसता तर बॅटरी संपली असती, म्हणून सुमारे २० किलो जाळून कक्षा बदलली. एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा दीर्घ ग्रहण आलं, संपर्क तुटला. टाकी संपली असावी, असं इस्रोने सांगितलं.

गेममध्ये इथे एक बटण असतं, पुन्हा उड्डाणापासून सुरू करा. मुलं ते दिवसातून वीस वेळा दाबतात. खऱ्या यानात ते नसल्यामुळे इस्रोचे लोक शेवटच्या किलोंवर बराच खल करतात. चंद्रयान-३ च्या वाहक भागात विक्रम उतरून गेल्यावर शंभर किलोंहून जास्त इंधन उरलं होतं. ते वापरून हा भाग चंद्राजवळून परत पृथ्वीच्या कक्षेत आणला. मूळ बेतात हे नव्हतं. मेघा-ट्रॉपिक्स या हवामान उपग्रहात काम संपल्यावर सव्वाशे किलोच्या आसपास शिल्लक होतं. ते जाळून ७ मार्च २०२३ रोजी त्याला पॅसिफिक महासागरावर खाली आणलं, म्हणजे वर कचरा होऊन फिरायला नको. जानेवारी २०२५ मध्ये इस्रोने दोन उपग्रह अवकाशात एकमेकांना जोडून दाखवले. टाकी वरच भरायची असेल तर आधी असं जोडता यावं लागतं.

आता आमच्या मंडळातला वाद. कॉम्प्युटरसमोर मुलगे बसायचे आणि मुली मागे उभ्या राहायच्या. "पोरींना काय करायचंय रॉकेट?" असं दोन आज्याही म्हणाल्या. त्यांना आम्ही उलट बोललो नाही, फक्त नियम केला. प्रत्येकाला अर्धा तास, आणि उड्डाणाआधी वहीत हिशेब: वजन किती, वेगबदल किती, परतीला किती राखलं. हिशेब नसेल तर पाळी पुढच्याला. चार दिवसांत खुर्चीवर निम्म्या मुली दिसू लागल्या, कारण वह्या त्यांच्या तयार होत्या. त्या आठवीतल्या मुलीने चंद्रासारख्या म्युनवर उतरून परत येताना टाकीत जेमतेम काही थेंब राखले. एका आजींनी तिला विचारलं, "एवढंच उरलं? मी असते तर आणखी राखलं असतं."

ज्यांना घरी हा गेम घ्यायचा असेल त्यांनी पहिला भागच घ्यावा. दुसरा भाग २०२३ मध्ये अर्धवट अवस्थेत बाजारात आला आणि पुढे त्यावरचं काम थांबलं. पहिला साध्या, जुन्या कॉम्प्युटरवरही चालतो. खारघरमधल्या मैत्रिणींच्या मुलींना वाचनालयात यायचं असेल तर रविवारी सकाळी दहानंतर पाठवा. बरोबर वही आणि पेन्सिल असू द्या.