पूर्वजांचा माग



ज्युबिलीच्या निमित्तानें आपल्या अनेक कुटुंबांत ‘आमचा मूळपुरुष कोण?’ असा प्रश्न निघाला आहे. आणि आडनांव जाधव असलें कीं उत्तर तयारच असतें : सिंदखेडचे राजे! या उत्तराविषयीं आम्ही चार शब्द बोलूं इच्छितों.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील सिंदखेडराजा येथें १५९८ सालीं जिजाबाईंचा जन्म झाला. त्यांचे वडील लखूजी जाधवराव यांचा १६२९ सालीं दौलताबादेस निजामशाही दरबारांत घात झाला. येथवर पाऊल भक्कम भूमीवर आहे. हें घराणें देवगिरीच्या यादवांचें, ही परंपराहि प्रसिद्धच आहे. परंतु यादवांची सत्ता १३१७ च्या सुमारास संपली. मध्यें तीनशें वर्षें, म्हणजे दहा-बारा पिढ्या गेल्या. मागाहून लिहिलेली वंशावळ ही परंपरेची साक्ष होय, त्या पिढ्यांची नव्हे. खुद्द यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें आपल्या धन्यांचें कुळ पुराणांतील यदुवंशास नेऊन भिडविलें. संशोधकांस मात्र नवव्या शतकापलीकडे निश्चित आधार सांपडत नाहीं. राजकुळांची ही स्थिति, मग केवळ आडनांवाच्या साम्यावर आपण किती भार ठेवावा?

यास्तव शोध राजापासून खालीं न आणतां स्वतःपासून मागें न्यावा. बाप, आजा, पणजा अशी एकेक पायरी कागदानें पक्की करावी. गांवचें कोतवालबुक, जमिनीचे जुने कागद, शाळेचा दाखला आणि बाप्तिस्म्याची वही हीं आपलीं साधनें होत. बाप्तिस्म्याच्या वेळीं धर्ममातापित्यांचीं नांवें वहींत लिहावीं, असा नियम ट्रेंटच्या धर्मसभेनें १५६३ सालीं केला. त्या नांवांवरून पोरक्या बालकास कोणीं जवळ केलें याचा माग कधीं कधीं लागतो. मात्र तें रक्ताच्या नात्याचें प्रमाण नव्हे.

१८९९-१९०० च्या घोर दुष्काळांत आईबापांचें नांवहि सांगतां न येणारीं कितीएक मुलें अनाथाश्रमांत आलीं. अशा नोंदींत पित्याचें नांव नसतें. ती रिकामी जागा पाहून कित्येकांस लाज वाटते, व ते तेथें एखादा सरदार आणून बसवितात. आम्हांस तें अनुचित वाटतें. त्या जागीं कोणी बाप भुकेनें मेला असेल, कोणा आईनें आपलें मूल जगावें म्हणून परक्याच्या हवालीं केलें असेल. कल्पित राजाच्या नांवाखालीं त्यांस आपण दुसऱ्यांदा पुरूं नये. वंशावळींत तेथें ‘अज्ञात’ असें स्वच्छ अक्षरांत लिहावें, व लेंकरांस त्याचें कारण सांगावें.