बोंडअळी आणि क्षयाचा जंतू

(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या बैठकीत आज मी रोगाबद्दल बोलणार आहे. पण सुरुवात बोंडअळीपासून करतो, कारण ते गणित तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं. 2002 साली बीटी आलं, 2006 साली दोन जनुकांचं आलं. पहिली काही वर्षं अळी मरत होती. 2017 साली गुलाबी अळीनं बोंडं आतून पोखरली. मरणाऱ्या अळ्या मेल्या, ज्या दोनचार तगल्या त्यांचीच पिलावळ रानात उरली. थैलीबरोबर बिगर-बीटीची पुडी मिळायची, पण ती काठानं पेरून रान कोण अडवणार?

क्षयाच्या जंतूचं हेच झालं. आपल्यातले पुष्कळ जण परळला केईएमला, टाटाला जाऊन आलेत, फुटपाथवर मुक्काम केलेत. तिथून जवळच शिवडीला महापालिकेचं क्षयरोग रुग्णालय आहे. आणि दादरच्या पलीकडं, माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातून 2011 च्या डिसेंबरात डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी चार रोगी जगापुढं मांडले: तपासलेल्या एकाही औषधाला न जुमानणारा क्षय. जानेवारीत आकडा बारावर गेला. सरकारनं हरकत घेतली ती रोगाला दिलेल्या नावावर! नावावर भांडून जंतू मरत नाही.

त्या चारांपैकी तिघांना निरनिराळ्या खाजगी डॉक्टरांनी, पुष्कळदा चुकीच्या मात्रेत, औषधं दिली होती. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मुंबईतल्या 106 खाजगी डॉक्टरांकडून क्षयाची चिठ्ठी लिहून घेतली, तर 63 तऱ्हा निघाल्या. बरोबर फक्त सहा. तेव्हा 'अडाणी रोगी गोळ्या सोडतो' हे मला अर्धंच खरं वाटतं. सोडतो, कबूल. दोन महिन्यांत खोकला थांबतो, दवाखान्यापायी मजुरी बुडते, गोळ्या कोनाड्यात राहतात. तगलेला जंतू मग खोकल्यातून दुसऱ्याच्या छातीत जातो. त्या दुसऱ्यानं एकही गोळी चुकवलेली नसते, तरी त्याला औषध लागू पडत नाही.

क्षय सोडून इतर जंतूही असेच निगरगट्ट झालेत. 2019 साली जगात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंनी सुमारे 12 लाख 70 हजार माणसं मारली असा अंदाज आहे.

आता आपल्या रानाकडं या. कपाशीच्या पानावर करप्याचे कोनाकोनाचे ठिपके दिसले की कॉपर ऑक्सिक्लोराईडबरोबर स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी मिळते, 10 लिटरला 1 ग्रॅम. त्यातलं स्ट्रेप्टोमायसिन म्हणजे 1943 साली सापडलेलं, क्षयावरचं पहिलं गुणकारी औषध. आपल्या फवाऱ्यानं क्षयाचा जंतू बिघडतो असं मी म्हणत नाही, तो मातीतून बळ उचलत नाही. पण मातीतले आणि पोटातले दुसरे जंतू उचलतात. अळी आपलं बळ पोरांनाच देते, हे शेजाऱ्यालाही देतात. शेतीतला हा वापर थांबवायचा मसुदा केंद्रानं 2021 साली काढला. ठीक आहे, पण करप्यावर दुसरं काय मारायचं हे गावात येऊन कोण सांगणार?

घरात कुणाला दोन आठवड्यांवर खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा. रिफाम्पिसिन चालतं की नाही ते मशीनवर दोन तासांत कळतं, तेवढं आवर्जून विचारा. गोळ्या फुकट आहेत. हट्टी क्षयाला पूर्वी दीड-दोन वर्षं लागत, 2024 साली सहा महिन्यांच्या उपचारालाही मंजुरी मिळाली. 'गोळ्या संपल्या, पुढच्या आठवड्यात या' असं कुणी सांगितलं, तर तारीख वहीत लिहा आणि ती वही पुढच्या बैठकीला घेऊन या.