प्राप्तिकराचा परतावा का अडतो?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मसुदा)



शाळेच्या सभागृहात प्राप्तिकराची चर्चा कशाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. चिटणीससाहेबांनी हा विषय सुचवला तेव्हा मीही त्यांना म्हणालो, "आपल्यात कर भरणारे असे किती?" ते म्हणाले, "भरणारे थोडे असतील, पण ज्यांचा कापला गेला आहे असे पुष्कळ आहेत." त्यांचे म्हणणे मला पटले, कारण त्याच आठवड्यात माझ्या आपाचा फोन येऊन गेला होता.

माझी भाची एका खाजगी क्लासमध्ये गणित शिकवीत होती. २०२४-२५ या वर्षात तिला मानधनापोटी एक लाख ऐंशी हजार रुपये मिळायचे होते. क्लासने नियमाप्रमाणे दहा टक्के, म्हणजे अठरा हजार रुपये, कर म्हणून कापून घेतले. एवढ्या उत्पन्नावर कर लागतच नाही, तेव्हा ते अठरा हजार तिचेच. ऑगस्ट २०२५ मध्ये तिने विवरणपत्र भरले आणि बी.एड.ची ऑक्टोबरातली फी त्या पैशांतून भरायची असे मायलेकींनी ठरवून टाकले. ऑक्टोबर उजाडला, पैसे नाहीत. आपा म्हणाली, "सरकारने पोरीचे पैसे दाबून ठेवले रे, तुझी कुणाशी ओळख असेल तर बघ."

ओळखीचे हे काम नव्हे. परताव्याचा पैसा आपल्या खात्यावर येईपर्यंत त्याला चार-पाच दरवाजे ओलांडावे लागतात. कोणत्या दरवाजाशी तो थांबला आहे हे कळले म्हणजे निम्मे काम झाले. आणि बऱ्याच वेळा दाराची कडी आपल्याच बाजूने लागलेली असते.

पहिली गोष्ट, करपात्र उत्पन्न नसले तरी कापलेला कर विवरणपत्र भरल्याशिवाय परत मिळत नाही. "आम्हाला कर नाही, मग कागद कशाला," असे म्हणणारे आपले पैसे तसेच सोडून देतात. दुसरी गोष्ट, नुसते विवरणपत्र पाठवून भागत नाही, तीस दिवसांच्या आत त्याची पडताळणी करावी लागते. आधारला जोडलेल्या मोबाइलवर येणारा आकडा टाकून ती दोन मिनिटांत होते. २०२२ च्या जुलैअखेरपर्यंत यासाठी एकशेवीस दिवस मिळत. जुन्या माहितीवर विसंबणारे अजून फसतात. पडताळणी नाही तर ते विवरणपत्र भरलेच नाही असे धरतात, आणि आपण मात्र महिनोन्महिने वाट पाहत बसतो.

त्यानंतर सगळी विवरणपत्रे बंगळुरूच्या केंद्रात तपासली जातात. तिथले यंत्र आपला आकडा आणि कर कापणाऱ्याने सरकारला कळवलेला आकडा समोरासमोर ठेवते. कर कापणे, तो तिजोरीत भरणे आणि कोणाच्या पॅनवर भरला हे कळवणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कापणाऱ्याने तिसरे काम केले नाही, किंवा पॅनचे एक अक्षर चुकवले, तर तुमच्या नावावर शून्य दिसते. म्हणून विवरणपत्र भरण्याआधी संकेतस्थळावर आपले करजमेचे पत्रक, ज्याला वर्षानुवर्षे 'छब्बीस ए एस' म्हणत आले, ते उघडून पाहावे. जानेवारी ते मार्च या तिमाहीची माहिती कळवायला कापणाऱ्याला ३१ मेपर्यंत मुदत असते. त्यामुळे एप्रिलातच घाई करणाऱ्याची घाई बहुधा अंगाशी येते. रक्कम दिसत नसेल तर मालकाकडे, क्लासकडे किंवा बँकेकडे जाऊन दुरुस्ती करून घ्यावी. तिथे प्राप्तिकर कचेरीचे हेलपाटे उपयोगी पडत नाहीत.

तपासणीला कायद्याने मुदत आहे. ज्या आर्थिक वर्षात विवरणपत्र भरले ते संपल्यापासून नऊ महिने. म्हणजे ऑगस्ट २०२५ च्या विवरणपत्राला ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत. साध्या विवरणपत्रांचे काम पुष्कळ लवकर होते, पण फीची तारीख त्या भरवशावर ठरवू नये हे मी आपाला सांगायला हवे होते, सांगितले नाही. त्या वर्षी भरण्याची मुदतच ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर आणि शेवटी १६ सप्टेंबरपर्यंत वाढली होती. गाडी उशिरा सुटली तर पोचणारही उशिराच.

आता भाचीचे काय झाले ते सांगतो, कारण ते इथल्या प्रत्येक घराला लागू आहे. तिचे विवरणपत्र ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मंजूर झाले होते. सूचनापत्र ई-मेलवर येऊन पडले होते, ते कोणी उघडलेच नव्हते. पैसे बँकेपर्यंत गेले आणि परत फिरले. कारण काय? पॅनवर तिचे नाव एका तऱ्हेने, बँकेत दुसऱ्या तऱ्हेने. रोमन लिपीत 'शेख' किती प्रकारांनी लिहितात ते आपण जाणताच. 'मोहम्मद' कुठे पूर्ण, कुठे दोन अक्षरांत. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. मुलीच्या नावापुढे कुठे 'बी', कुठे 'बानो', कुठे काहीच नाही. लग्नानंतर आणखी एक नाव. घरात हे चालते, यंत्रापुढे चालत नाही. मार्च २०१९ पासून परतावा फक्त पॅनशी जोडलेल्या बँक खात्यातच जमा होतो, आणि संकेतस्थळावर त्या खात्याची आधी खातरजमा करावी लागते. नावे जुळली नाहीत तर ती होत नाही.

ही भानगड कुठून सुरू झाली ते मी शोधत गेलो, तर थेट पहिलीच्या दाखल्यापर्यंत पोचलो. प्रवेशाच्या दिवशी वडील कामावर, आजोबांनी नाव सांगितले, कारकुनाने ऐकले तसे लिहिले. दहावीच्या प्रमाणपत्रावर तेच आले आणि त्यावरून पॅन. बँकेचे खाते मात्र रेशनकार्डावरून उघडलेले. मुख्याध्यापक साहेब इथे बसले आहेत म्हणून धिटाईने सांगतो. प्रवेशाच्या वेळी पालकांना नावाचे इंग्रजी स्पेलिंग स्वतःच्या हाताने लिहायला लावा, जन्मदाखल्याशी ताडून पाहा. आणि पालकांनो, दहावीचा अर्ज भरताना ते एकदा वाचून काढा. त्या दिवशीची पाच मिनिटे पुढे फार कामाला येतात.

पॅन आणि आधार जोडलेले नसेल तर १ जुलै २०२३ पासून असे पॅन निष्क्रिय धरले जाते. ते असेपर्यंत परतावाही नाही, त्या काळाचे व्याजही नाही. जोडणीसाठी हजार रुपये भरावे लागतात. कोणा मागच्या वर्षाची कराची बाकी तुमच्या नावावर दिसत असेल तर खाते तुमचा परतावा तिच्यात वळते करू शकते. तशी सूचना आधी येते, आणि उत्तराला एकवीस दिवस असतात. बाकी चुकीची असेल तर त्या दिवसांतच हरकत नोंदवावी, गप्प बसणे म्हणजे संमती धरली जाते.

आणखी एका कारणाबद्दल बोलताना मला संकोच वाटतो, पण बोललेच पाहिजे. "तुम्हाला मोठा रिफंड काढून देतो, त्यातले इतके टक्के माझे," असे सांगणारे लोक मोहल्ल्यामोहल्ल्यात फिरतात. न दिलेल्या देणग्या, न भरलेले विमे, न राहिलेल्या घराचे भाडे दाखवतात. जुलै २०२५ मध्ये खात्याने देशभर अशा खोट्या वजावटींविरुद्ध मोहीम काढली. डिसेंबर २०२५ मध्ये पुष्कळ करदात्यांना संदेश गेले की आपले दावे संशयास्पद वाटल्याने परतावा थांबवला आहे, चूक असेल तर ३१ डिसेंबरपूर्वी विवरणपत्र सुधारा. सही तुमची, पॅन तुमचा, दंडही तुम्हालाच. जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर तो चुकवलेल्या कराच्या दुप्पट असू शकतो. मध्यस्थ तोवर नंबर बदलून मोकळा होतो. "परतावा मंजूर झाला, इथे दाबा" अशा निरोपांचेही तेच. खाते कोणाचा पासवर्ड किंवा ओटीपी विचारीत नाही.

उशिराबद्दल सरकार व्याज देते, दरमहा अर्धा टक्का. विवरणपत्र मुदतीत भरले असेल तर ते १ एप्रिलपासून धरतात, उशिरा भरले तर भरल्या दिवसापासून. परतावा एकूण कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर व्याज नाही, आणि आपल्या चुकीने झालेला उशीर त्यातून वजा होतो. भाचीच्या सूचनापत्रात एप्रिल ते ऑक्टोबर सात महिन्यांचे सहाशे तीस रुपये धरून अठरा हजार सहाशे तीसचा आकडा होता. हे व्याज स्वतःसाठी ठेवावे की गरजूला द्यावे, हा ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकाचा प्रश्न आहे, मी त्यात पडत नाही. मात्र देऊन टाकले तरी पुढच्या वर्षीच्या उत्पन्नात ते दाखवावेच लागते.

कलमांचे क्रमांक मी मुद्दाम सांगितले नाहीत. १९६१ च्या कायद्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून अंमलात यायचा म्हणून २०२५ चा नवा कायदा झाला, त्यात ते सारे बदलले. सगळे दरवाजे तपासूनही पैसे येत नसतील तर संकेतस्थळावरच तक्रार नोंदवता येते आणि तिचा क्रमांक मिळतो, तो जपून ठेवावा. ज्यांच्या घरात कर लागण्याइतके उत्पन्नच नाही आणि बँकेत ठेव आहे, त्यांनी वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेत तशी घोषणा भरून द्यावी. मग कपातच होत नाही आणि परताव्याची वाट पाहण्याची वेळ येत नाही. निवृत्त शिक्षकांनी आणि विधवा भगिनींनी हे विशेष लक्षात घ्यावे.

भाचीने बँकेत अर्ज देऊन नाव पॅनप्रमाणे करून घेतले, खात्याची पुन्हा खातरजमा केली आणि परतावा पुन्हा पाठवण्याची विनंती नोंदवली. डिसेंबरात पैसे जमा झाले. ऑक्टोबरातली फी आपाने भिशी उचलून भरली होती, तिचे हप्ते अजून चालू आहेत. कार्यक्रमानंतर मी ग्रंथालयात तासभर बसणार आहे. ज्यांनी पॅन आणि पासबुक बरोबर आणले आहे त्यांनी ते घेऊन यावे, दोन्हींवरची नावे शेजारी ठेवून पाहू.