रुग्णसुरक्षा आणि पुनर्वसनात्मक शुश्रूषा : परिचर्येच्या विद्यार्थ्यांसाठी काही अभ्याससूत्रे

(व्याख्यानाची संहिता)



रुग्णसेवा हे पुण्यकर्म आहे, असे सर्वत्र म्हटले जाते आणि ते यथार्थच आहे. तथापि हेतू शुद्ध असला म्हणून सेवा निर्दोष होतेच असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार उपचार घेणाऱ्या दर दहा रुग्णांपैकी सुमारे एकाला त्या उपचारांच्या ओघातच काही ना काही इजा होते, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक इजा टाळता येण्याजोग्या असतात. म्हणूनच २०१९ पासून १७ सप्टेंबर हा दिवस जागतिक रुग्णसुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. या इजा बहुधा दुष्टपणाने होत नाहीत, प्रमादाने होतात. प्रमाद टाळण्याची शिस्त शिकता येते आणि शिकवताही येते. परिचर्येच्या अभ्यासाचा गाभा तोच होय.

जून २०२० मधील एक घटना खानदेशाने विसरता कामा नये. करोनाबाधित असलेली ८२ वर्षांची एक वृद्धा जळगावच्या शासकीय रुग्णालयात दाखल होती. २ जूनपासून ती बेपत्ता समजली गेली. १० जून रोजी तिचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या शौचालयात आढळला. शासनाने अधिष्ठात्यांसह काही जणांवर निलंबनाची कारवाई केली. साथीच्या त्या दिवसांत सर्वच कर्मचाऱ्यांवर असह्य ताण होता, हेही तितकेच खरे. दोष कोणाचा, हा चौकशीचा विषय. विद्यार्थ्याने विचारायचा प्रश्न निराळा आहे : कोणत्या साध्या कृतीमुळे अशी व्यक्ती वेळीच सापडते?

या प्रश्नाची उत्तरे पाठ्यपुस्तकातच आहेत. पाळी बदलताना ‘ओव्हर’ टेबलापाशी बसून कागदावरून न देता प्रत्येक खाटेपाशी जाऊन द्यावी आणि माणसे मोजावीत. अशक्त व वृद्ध रुग्ण शौचाला निघाला की त्याच्यासोबत कोणीतरी जावे, कारण रुग्णालयात तोल जाण्याचा धोका अशाच वेळी अधिक असतो. शौचालयाची कडी आपत्काळी बाहेरून उघडता यावी. खाट रिकामी दिसली तर ‘रुग्ण निघून गेला’ असे लिहिण्यापूर्वी शौचालय, जिना, शेजारचा कक्ष असा शोध घ्यावा आणि वरिष्ठांना तत्काळ कळवावे. यांतील एकाही कृतीला महागडे यंत्र लागत नाही.

दुसरे सूत्र रुग्ण ओळखण्याचे. आपल्या भागात एकाच कक्षात चार पाटील आणि त्यांत दोन एकाच नावाचे, ही काही नवलाची गोष्ट नाही. म्हणून खाटेच्या क्रमांकावरून किंवा केवळ आडनावावरून औषध देणे धोक्याचे ठरते. पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक अशा किमान दोन खुणा पडताळाव्यात. “तुम्ही सुमनबाई पाटील ना?” असे विचारले की कमी ऐकू येणारी आजी मान डोलावून मोकळी होते. त्याऐवजी “तुमचे पूर्ण नाव सांगा” असे म्हणावे. अहिराणी बोलणाऱ्या आजीला “तुमनं नाव काय शे?” असे विचारले तर उत्तर लवकर आणि बिनचूक मिळते. सातपुड्याच्या पायथ्याकडून येणाऱ्या आदिवासी रुग्णासाठी त्याची बोली जाणणारा माणूस जोडीला घेणे, हादेखील रुग्णसुरक्षेचाच भाग आहे.

तिसरे सूत्र औषधाचे. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ आणि योग्य नोंद ही सहा पदे विद्यार्थी तोंडपाठ म्हणतात, पण त्यांचा अर्थ उदाहरणावाचून मनात ठसत नाही. इन्सुलिनचेच पाहा. भारतात एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असणाऱ्या बाटल्या वापरात आहेत, तशाच १०० युनिटच्याही आहेत. ४० च्या सिरिंजचे टोपण लाल असते, तर १०० च्या सिरिंजचे नारिंगी. आता १०० युनिटच्या बाटलीतील औषध चुकून ४० च्या सिरिंजमध्ये दहाच्या रेषेपर्यंत भरले, तर पाव मिलिलिटर औषध येते. म्हणजे दहाऐवजी पंचवीस युनिट, अडीचपट मात्रा. रुग्णाची साखर एकदम उतरून तो बेशुद्ध होऊ शकतो. हे गणित प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः कागदावर मांडावे. एकदा मांडले की बाटली आणि सिरिंज ताडून पाहण्याची सवय आयुष्यभर टिकते.

हात धुण्याविषयीही असेच म्हणता येईल. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक कृतीपूर्वी, शरीरद्रवाशी संपर्क आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लागल्यानंतर, असे पाच प्रसंग जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहेत. यांपैकी पहिले दोन प्रामुख्याने रुग्णाच्या रक्षणासाठी आहेत आणि उरलेले तीन परिचारिकेच्या व इतरांच्या. क्रमामागचे हे कारण कळले की पाठांतराचा भार राहत नाही.

इजा न होऊ देणे ही सेवेची पहिली पायरी. रुग्णाची गेलेली शक्ती शक्य तितकी परत मिळवून देणे आणि उरलेली जपणे, ही दुसरी. हिलाच पुनर्वसनात्मक शुश्रूषा म्हणतात. तिचा एक अत्युच्च आदर्श महाराष्ट्राच्याच भूमीत घडला आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील तरुण परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच पाशवी हल्ला झाला. मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने त्या कायमच्या परावलंबी झाल्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले, तोवर सुमारे ४२ वर्षे त्यांच्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांना सांभाळले. १९७३ साली ज्यांचा जन्मही झाला नव्हता, अशा मुलींनीही पुढे हे व्रत चालविले. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालात या शुश्रूषेची मुक्तकंठाने प्रशंसा झाली. इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही त्यांना शय्याव्रण झाले नव्हते, ही बाब तेथे विशेषत्वाने नोंदली गेली.

शय्याव्रण न होणे म्हणजे काय, हे परिचर्येच्या विद्यार्थ्यालाच नेमके कळते. साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे, माकडहाड, टाच, घोटा व खांदा यांवरील त्वचा रोज तपासणे, चादरीला सुरकुती राहू न देणे, ओल तत्काळ पुसणे, रुग्णाला ओढत न नेता उचलून सरकविणे, पोटात पुरेशी प्रथिने व पाणी जाईल असे पाहणे, आणि हे सारे रात्रीच्या पाळीतही तितक्याच निष्ठेने करणे. यातील एकही काम अवघड नाही. अवघड आहे ते त्यातील सातत्य.

जेथे सुधारणेची आशा असते, तेथे परिचारिकेची भूमिका आणखी नाजूक होते. पक्षाघाताच्या रुग्णाला नातेवाईक प्रेमापोटी स्वतःच्या हाताने घास भरवितात. ती माया समजण्यासारखी आहे, परंतु जो घास रुग्ण स्वतः उचलू शकतो, तो त्यानेच उचलावा. वेळ लागू द्यावा, सांडू द्यावे. मात्र त्याला गिळता येते की नाही याची आधी खात्री करून, ताठ बसवूनच भरवावे, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. सांधे आखडू नयेत म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांची हालचाल रोज करून घ्यावी. घरी सोडताना गावातील घर डोळ्यांपुढे आणावे : खाट झोळ पडलेली आहे काय, उंबरठा किती उंच, शौचालय किती अंतरावर, रात्री दिवा असतो काय. त्या घरात जमेल तेच शिकवावे.

अभ्यासाच्या पद्धतीविषयी थोडे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना इंग्रजी पाठ्यपुस्तकांचे दडपण वाटते. त्यांनी रोज दहा शब्दांची वही ठेवावी : इंग्रजी शब्द, मराठी अर्थ आणि त्या दिवशी कक्षात पाहिलेले उदाहरण. प्रत्येक रुग्णाविषयी समस्या, उद्दिष्ट, कृती, कृतीचे कारण आणि परिणाम अशी पाच ओळींची नोंद करावी. दोघांनी मिळून एकमेकांना ‘ओव्हर’ देण्याचा सराव करावा आणि ऐकणाऱ्याने ती परत म्हणून दाखवावी. परीक्षेत याच नोंदी उपयोगी पडतात, आणि पुढे नोकरीतही.

समाजाचेही काही कर्तव्य आहे. गरजू विद्यार्थ्याला पुस्तके, वसतिगृहाचा खर्च, अभ्यासिकेतील शांत जागा मिळाली तर ते दान पिढ्यान्‌पिढ्या फळते. रुग्णाला भेटायला जाणाऱ्यांनी गर्दी करू नये, परिचारिका औषध मोजत असताना तिला हाका मारू नयेत. ती नाव पुन्हा विचारते तेव्हा “किती वेळा सांगायचे?” असे न म्हणता ते पुन्हा सांगावे. आणि एखाद्या विद्यार्थिनीने “ताई, मात्रा चुकली असती, वेळीच लक्षात आले” असे प्रांजळपणे सांगितले, तर तिला रागावण्याऐवजी ती चूक पुढे कोणाच्या हातून होऊ नये अशी व्यवस्था करावी. शिक्षेच्या भीतीने झाकलेली चूक दुसऱ्या रुग्णाच्या वाट्याला येते.

जळगावची ती वृद्धा आणि के.ई.एम.मधील त्या परिचारिका, दोन्ही उदाहरणे विद्यार्थ्यांनी एकत्र स्मरणात ठेवावीत. पाळी सुरू होताना प्रत्येक खाटेपाशी जावे, नाव विचारावे, चेहरा पाहावा. पुढील सारी शुश्रूषा तेथूनच सुरू होते.