एक सदस्य, एक मत : गृहनिर्माण संस्थेतील लोकशाही



लोकशाहीची चर्चा निघाली की कार्यकर्त्यांच्या डोळ्यांसमोर संसद येते, विधिमंडळ येते, फार तर ग्रामपंचायत आणि कामगार संघटना येते. परंतु महाराष्ट्राच्या शहरांतील असंख्य कुटुंबांचा ज्या लोकनियुक्त संस्थेशी दररोज संबंध येतो, ती म्हणजे त्यांची सहकारी गृहनिर्माण संस्था होय. पाणी किती वाजता सोडायचे, गळक्या गच्चीचा खर्च कोणी सोसायचा, आणि अखेरीस इमारत पाडून नवी बांधायची की नाही, हे सारे निर्णय तेथे होतात. तरीही पुरोगामी मंडळींनी ‘सोसायटीतली भांडणे’ म्हणून तिच्याकडे पाठ फिरवली. या उदासीनतेची किंमत आज अनेक कुटुंबांना मोजावी लागत आहे.

या चळवळीचा वारसा मोठा आहे. १८४४ साली इंग्लंडमधील रॉचडेल येथे अठ्ठावीस श्रमिकांनी दुकान काढले आणि भांडवल कितीही असो, प्रत्येक सभासदाला मत एकच, हे तत्त्व सहकाराला मिळवून दिले. मुंबईत १९१५ साली श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याने तेच तत्त्व कायद्यात कायम ठेवले. चार खोल्यांचा मालक असो वा एका खोलीचा, सर्वसाधारण सभेत दोघांचा हात सारख्याच मोलाचा.

परंतु महाराष्ट्रात दुसराही मार्ग उपलब्ध आहे. महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० याखाली संस्थेऐवजी अपार्टमेंटधारकांचा संघ स्थापन होतो. अमेरिकेत ज्याला काँडोमिनियम म्हणतात त्याच जातीची ही रचना. सहकारी संस्थेत जमीन व इमारत संस्थेची असते. सभासदाकडे भाग आणि भोगवट्याचा हक्क असतो. अपार्टमेंटमध्ये प्रत्येक जण आपल्या सदनिकेचा मालक असतो आणि जमिनीत व सामाईक जागेत त्याचा अविभक्त हिस्सा असतो. हा हिस्सा सदनिकेच्या मूल्यावरून ठरतो. खर्चाची वाटणी हिश्शाच्या प्रमाणात होते आणि मताचे वजनही त्याच प्रमाणात.

याचा अर्थ एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. पन्नास सदनिकांची इमारत आहे. तीस लहान, वीस मोठ्या. मोठीचे मूल्य लहानीच्या दुप्पट. सहकारी संस्थेत लहान घरांकडे पन्नासपैकी तीस मते, म्हणजे साठ टक्के. अपार्टमेंट संघात एकूण सत्तर भागांपैकी त्यांच्याकडे तीस, म्हणजे जेमतेम त्रेचाळीस टक्के. माणसे तीच, भिंती त्याच. केवळ मोजण्याची रीत बदलली आणि बहुसंख्य अल्पसंख्य झाले. मोठ्या घराचा मालक म्हणेल की जास्त खर्च देणाऱ्याला जास्त अधिकार हवा. हा युक्तिवाद मान्य केला तर जास्त प्राप्तिकर भरणाऱ्याला विधानसभेसाठी दोन मते का देऊ नयेत, याचेही उत्तर त्याला द्यावे लागेल.

अर्थात, कायद्यात समता लिहिली म्हणून ती व्यवहारात उतरते असे नाही. आदर्श उपविधींनुसार सभेची गणसंख्या सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यांपैकी जी कमी असेल ती. म्हणजे शंभर सभासदांच्या संस्थेत वीस जण पुरेत. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेत उपस्थित असतील तेवढ्यांनी केलेला ठराव सर्वांना बांधतो. दहा-बारा माणसे शंभर घरांचा कारभार चालवतात ती अशी. त्यांतले बहुतेक प्रामाणिक असतात, स्वतःचा वेळ खर्चून विनावेतन राबतात आणि वर शिव्याही खातात. दोष त्यांच्यापेक्षा घरी बसणाऱ्या नव्वदांचा अधिक आहे.

या अनुपस्थितीचा खरा हिशेब इमारत म्हातारी झाल्यावर चुकता करावा लागतो. सिंकिंग फंडाचे किमान अंशदान बांधकाम खर्चाच्या वर्षाला पाव टक्का आहे. चाळीस वर्षांत मुद्दल जमते दहा टक्के. व्याजाने ते वाढेल हे खरे. पण टक्केवारी मोजली जाते ती चाळीस वर्षांपूर्वीच्या भावाने केलेल्या खर्चावर. नवी इमारत आजच्या भावाने बांधावी लागते. पाव टक्का ही किमान मर्यादा असून अधिक रक्कम ठरवण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेला आहे. परंतु मासिक बिलात शे-दोनशे रुपये वाढवण्याचा ठराव आला की विरोध करण्यासाठी मात्र सभागृह भरते. परिणामी तिजोरी रिकामी राहते आणि संस्था बिल्डरच्या दारात उभी राहते. शासनाने पुनर्विकासासाठी २००९ साली कार्यपद्धती घालून दिली आणि २०१९ साली ती सुधारली. आता एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते. त्याच वर्षी सभासदांनी स्वतःच पुनर्विकास करण्याच्या मार्गालाही शासनाने उत्तेजन दिले. परंतु ज्या संस्थेत वीस वर्षांत कोणी ताळेबंद वाचला नाही, तिला तो मार्ग कसा झेपावा? आणि जिच्या नावावर जमीनच नाही, तिने काय करावे? बिल्डरने अभिहस्तांतरण टाळले तर संस्थेला मानीव अभिहस्तांतरण मिळवता यावे म्हणून २००८ साली कायदा दुरुस्त झाला. पण अर्ज संस्थेलाच करावा लागतो.

आणखी एक अवघड प्रश्न आहे. सहकाराचे दार सर्वांना उघडे असावे, हे मूळ तत्त्व. प्रत्यक्षात आडनाव, धर्म आणि स्वयंपाकघरातला वास पाहून घर नाकारल्याच्या तक्रारी शहरोशहरी ऐकू येतात. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला. पहिल्या संस्था ज्ञातीच्या आधाराने उभ्या राहिल्या, हा इतिहासही नाकारता येत नाही. पण परक्या शहरात आलेल्या लहान समाजाने एकमेकांना दिलेला आधार वेगळा, आणि बलिष्ठांनी दुर्बळांवर बंद केलेले दार वेगळे. या दोहोंतला भेद पुसला गेला, तर सहकार हे वस्ती विभागण्याचे साधन बनेल.

मताधिकाराच्या बाहेर राहणारेही आहेत. भाडेकरू अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर वर्षानुवर्षे राहतो. त्याच्यापायी मालकाकडून सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क घेतले जाते. पण सभेत त्याला मत नाही. बारा तास उभा असणारा पहारेकरी आणि पहाटे कचरा उचलणारी बाई यांचे वेतन ज्या सभेत मंजूर होते, तेथे त्यांना ओळखणारा तरी कोणी असतो काय? कंत्राटदार बदलून दरमहा काही हजार वाचवल्याबद्दल टाळ्या पडतात. ते हजार कोणाच्या पोटातून वाचले, हे विचारणारा एक तरी सभासद तेथे असला पाहिजे.

तो सभासद पक्षाचा कार्यकर्ता असावा, एवढीच अपेक्षा आहे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घेणे बंधनकारक आहे. तिला त्याने हजर राहावे, लेखापरीक्षकाचा अहवाल आधी वाचावा, कामगारांच्या किमान वेतनाचा प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. सभा रविवारी सकाळी स्वयंपाकाच्या वेळी भरत असेल तर ती बदलून मागावी, म्हणजे समितीत स्त्रियांसाठी राखीव असलेल्या दोन जागांवर केवळ सह्या करणारी नावे राहणार नाहीत. समिती सभा बोलावत नसेल तर एक पंचमांश सभासदांच्या सह्यांनी विशेष सभा मागता येते. या सह्या गोळा करण्यासाठी चार मजले चढावे लागतील. मोर्चासाठी गावोगाव हिंडणाऱ्यांना आपल्याच इमारतीचे चार मजले जड वाटू नयेत.